विहीणबाईंच्या हातचा घास

हॉटेलच्या दारातच दानम्माबाईंनी शिवांजलीला जवळ घेतलं. डाव्या गालावरून हात फिरवला आणि बोटं स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा मोडली. "दृष्ट लागंल गं बाई माझीच," म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. पर्समधल्या डबीवरचा हात मात्र मी काढला नाही.

डबीत इंजेक्शन होतं.

शिवांजलीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. पोटात गेला की ओठ सुजतात, घसा आवळतो आणि श्वास शिट्टीसारखा वाजायला लागतो. लहान असताना शेजारच्या ताराबाईंनी तिच्या हातावर कौतुकानं चिक्कीचा तुकडा ठेवला होता. त्या दिवशी दिंद्रुडहून अंबाजोगाईपर्यंत जीपमध्ये मी तिला मांडीवर उभी धरून बसले होते, कारण आडवी केली की शिट्टी थांबायची, आणि शिट्टीपेक्षा तिचं थांबणं वाईट होतं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी एवढा वेळ मिळेलच असं नाही, सुई तुम्हीच टोचायला शिका. मी वांग्यांवर शिकले. बरेच दिवस आमच्या घरात भोकं पडलेल्या वांग्यांची भाजी होती.

आमच्या बीड जिल्ह्यात शेंगदाणा टाळायचा म्हणजे उन्हाळ्यात धुरळा टाळायचा. तरी टाळला. पण सोयरिकी बघायला लागलो तेव्हा पहिल्याच स्थळाला आम्ही खरं सांगितलं, आणि 'पोरगी आजारी हाय' ही बातमी आमच्या आधी पुढच्या गावाला जाऊन पोहोचली. म्हणून या वेळी आमचे हे म्हणाले, "लग्न झाल्यावर हळूहळू सांगू. एकदम कशाला?" मी मान हलवली. शिवांजलीनं हलवली नाही. ती माजलगावला औषधाच्या दुकानात बसते, फार्मसी शिकलेली.

"बाबा, औषधाच्या पाकिटावरसुद्धा लिहितात, कुणाला चालत न्हाई ते."

"तू काय औषध हायेस का?" यांनी विचारलं, आणि विषय मिटला.

बाकी आम्ही सगळं बघितलं होतं. आम्ही लिंगायत, तेही लिंगायत. मठ एकच. बेडग, म्हणजे आमच्यातलं कूळ, ते वेगळं, म्हणजे जमणारं. मुलगा संगमेश पुण्याला नोकरीला. घाटनांदूरला घर आणि तेलाचा घाणा, करडईचा. करडई ऐकल्यावर मी निर्धास्त झाले होते. आज जेवता जेवता साखरपुड्याची तारीख काढायची होती. घाटनांदूरहून त्यांनी यायचं, दिंद्रुडहून आम्ही, आणि भेटायचं माजलगावच्या धरणाकाठच्या या नव्या हॉटेलात. कल्पना संगमेशची. "कांदेपोहे लई झाले, जरा वेगळं खाऊ," असं तो फोनवर म्हणाला होता. वरच्या मजल्यावर चिनी, जपानी, थाई असं सगळं पूर्वेकडचं जेवण एकाच खोलीत मिळायचं. त्याचा मेनू मी आदल्या दिवशी मोबाइलवर वाचून काढला. माझं इंग्रजी आमच्या किराणा दुकानातल्या बिस्किटांच्या पुड्यांच्या पाठीवरून शिकलेलं. कविता मला कळायची नाही, पण पीनट हा शब्द मी लांबून ओळखते. त्या मेनूत तो पानोपानी बसला होता.

खोली काळ्या लाकडाची, दिवे कागदी, आणि भिंतीच्या जागी अख्खी काच. काचेपलीकडे धरणाचं पाणी आणि त्याच्या कडेनं ऊस. थंडगार हवा मानेवर येत होती. ढाब्यावर भांड्यांचा आवाज येतो, तर इथं कुठल्याशा वाद्याची तार मधूनच एकदा वाजायची आणि पुन्हा शांत. मला त्या शांततेचीच भीती वाटायला लागली.

"सगळं व्हेज बरं का," मल्लिकार्जुनअप्पांनी, म्हणजे संगमेशच्या वडलांनी, वेटरला बजावलं. "अंडंबी नगं. अंड्याचा वासबी नगं."

"सर, आपलं शाकाहारी किचन पूर्ण वेगळं आहे," वेटर म्हणाला. छातीवरच्या पट्टीवर प्रविण असं नाव होतं. आमच्याच भागातला असावा, पण हॉटेलनं त्याला पुस्तकातलं बोलायला शिकवलेलं.

संगमेशनं पदार्थ सांगायला सुरुवात केली. मी एकेक नाव मनात तपासत होते. वाफवलेली मोदकासारखी काहीतरी, चालेल. भात, चालेल. नूडल्स, कुठल्या? तोवर तो पुढच्या पानावर गेला.

"घाणा कसा चाललाय अप्पा?" आमच्या यांनी विचारलं. बोलायला काहीतरी हवं म्हणून.

"जोरात!" मल्लिकार्जुनअप्पा खुर्चीत सरसावले. "करडईला आता कोण इचारतंय? मागल्या दिवाळीपासनं लाकडी घाणा टाकलाय. निव्वळ शेंगदाण्याचं काढतो. पुण्यातली माणसं रांग लावून नेत्यात."

मी पर्समधली डबी चाचपली.

"मी सोता बसते की घाण्यावर," दानम्माबाई म्हणाल्या. "गड्यावर सोडलं तर पेंड जळती. आज सकाळी बी घाणा उरकूनच गाडीत बसले. तुमच्यासाठी डबा आणलाय बरं का तेलाचा, खाली गाडीत हाय. घरच्या पोरीला बाहेरचं तेल नगं."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि काचेतून धरणाकडे बघत पीत बसले. एवढं पाणी पीत राहिले की मला वाटलं, धरणच संपवतात. शिवांजली मात्र माझ्याकडेच बघत होती. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. तिच्या बघण्यात नुसतं 'आता?' होतं.

"आलेच मी," म्हणून मी उठले आणि कोपऱ्यात प्रविणला गाठलं. हळू आवाजात विचारलं, कशाकशात शेंगदाणा आहे ते सांगा, आणि एका माणसाच्या पोटात तो अजिबात जाता कामा नये. त्यानं ऐकलं, मान डोलावली, 'शेफना विचारतो' म्हणाला. मला हायसं वाटलं. माणूस कामाचा आहे म्हटलं.

माणूस जरा जास्तच कामाचा निघाला. मी खुर्चीत बसते न बसते तोच टेबलाच्या डोक्याशी उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मॅडम, शेफ विचारताहेत, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नेमकी कुणाला आहे?"

सगळ्यांनी माना वर केल्या. शिवांजलीनं तोंड उघडलं. तिनं काही बोलायच्या आत मी म्हणाले, "मला."

"अगं बया!" दानम्माबाईंनी कपाळाला हात लावला. "तुमाला? आन मी डबा घेऊन आले की ओ!"

"शेंगदाण्यानं कुणाला काय हुतंय?" मल्लिकार्जुनअप्पा म्हणाले. "गरिबाचा बदाम हाय त्यो."

"तुमी गप बसा. तुमाला कारल्यानं पित्त हुतंय ते आठवा." त्या माझ्याकडे वळल्या. "विहीणबाई, संकोच करू नगा. मी बघते तुमचं."

अजून सुपारी फुटली नव्हती तरी विहीणबाई झाले होते मी. आणि त्यांनी खरंच माझं बघायला सुरुवात केली. बशा आल्या तशी एकेक उचलून नाकाशी नेऊन हुंगायच्या. शेंगदाण्याचा वास त्यांच्याइतका कुणाला कळणार? "ह्यात हाय. हे तुमी नगा खाऊ." आणि बशी माझ्या पुढ्यातून उचलून शिवांजलीपुढे. "तू घे बाई, आईच्या वाटणीचं तू खा." लोणच्यासारखी आंबट काकडी, वर दाण्यांची भरड. ती शिवांजलीपुढे. पनीरच्या काड्या आणि तपकिरी दाट चटणी. ती शिवांजलीपुढे. थोड्या वेळात माझ्या लेकीच्या भोवती शेंगदाण्याचं कुंपण तयार झालं, आणि ते घालणारीच्या डोळ्यांत माया होती.

मग प्रविणनं खास वेगळं केलेलं ताट आणलं. साधा भात, वाफवलेल्या भाज्या, वर एक छोटा कागदी झेंडा. सगळ्या टेबलावर भरवशाचं ताट एकच, आणि ते माझ्यापुढे.

"शिवांजली, हे खाऊन बघ गं," मी ताट सरकवलं.

"तुमच्या पथ्याचं तिला कावून?" दानम्माबाईंनी ताट परत सरकवलं. "पोरीच्या जातीनं चार घास चवीचे खावं."

शिवांजली बशीतल्या भाताची शितं काड्यांनी इकडून तिकडे करत होती. खात नव्हती. डावा हात तिनं केसांत घातला होता. संगमेश तिला काड्या कशा धरायच्या ते दाखवत होता, "असं, अंगठ्याखाली," आणि ती हसत होती. तो मला आवडला होता हो. म्हणून तर जीभ उचलत नव्हती. मी मनात हिशेब करत होते: अजून थोडं जेवण, मग गोड, मग तारीख, मग गाडी. एवढं निभावलं की झालं. त्यापुढे काय, हे मी मनाला विचारूच देत नव्हते. घाण्याच्या घरात नांदायला जाणारी पोर माझीच आहे, हे मला दिसत होतं आणि मी त्याच्याकडे धरणाकडे बघावं तशी लांबून बघत होते. यांना हसायचा मला काही हक्क नव्हता.

मग नूडल्स आल्या. चपट्या, तांबूस, वर भरडलेले दाणे, आपण पोह्यांवर खोबरं पेरतो तसे पेरलेले.

दानम्माबाईंनी काड्या बाजूला ठेवल्या. पदर सावरला. उजव्या हाताची बोटं नूडल्सच्या बशीत घातली आणि दाण्यासकट नीट गोळा करून घास केला.

"तारीख काढायच्या आदी सासूच्या हातचा घास," त्या म्हणाल्या. "आमच्यात असतंय. मला माझ्या सासूनं पुरणपोळीचा भरवलता. इथं पुरणपोळी कुठली? आ कर बाई."

"मला नको, आई," शिवांजली म्हणाली. त्यांना तिनं पहिल्यांदाच आई म्हटलं, आणि तेही हे वाक्य बोलताना. "पोट भरलंय."

"कुठं भरलंय? बशी तशीच हाय. आन घास परत करत नसत्यात. आ कर."

संगमेशनं फोटोसाठी मोबाइल उचलला. मल्लिकार्जुनअप्पा कौतुकानं हसत होते. आमच्या यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. हात पुढे आला. शिवांजलीनं मान बाजूला फिरवली, तसा तो हातही लाडानं तिकडेच वळला. लहान लेकरू चुकवतं तेव्हा वळतो ना, तसा. बोटांवरून तेल ओघळत होतं. ओठ आणि घास यांच्यात बोटभर जागा उरली होती.

मी दानम्माबाईंचं मनगट धरलं.

धरलं म्हणजे आवळलं. त्यांच्या हातातली एक हिरवी बांगडी पिचली. घास पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला. ती मघाची तार नेमकी तेव्हाच वाजली.

"मला न्हाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "शेंगदाणा मला चालतो. तिला चालत न्हाई. पोटात गेला तर ती मरंल."

एकदा तोंड उघडल्यावर मी सगळंच सांगितलं. चिक्की, जीप, शिट्टी, पहिलं स्थळ, सगळं. पर्समधली डबी काढून बशांच्या मध्ये ठेवली, कारण आता लपवायचं काय राहिलं होतं?

"म्हंजे फसवत हुता तुमी," मल्लिकार्जुनअप्पा म्हणाले.

"तसं न्हाई अप्पा..." आमचे हे.

"मग कसं?"

यांनी टेबलक्लॉथवर पडलेला घास कागदात गुंडाळला.

संगमेशनं मोबाइल पालथा ठेवला. "रोज बोलत हुतो आपण," तो शिवांजलीला म्हणाला. "मला कावून न्हाई सांगितलंस?"

"रोज सांगणार होते," ती म्हणाली. "रोज आईचं तोंड आठवायचं."

तो उठला, तिच्याभोवतीच्या बशा एकेक करून उचलल्या आणि लांबच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवल्या. दानम्माबाई इतका वेळ आपल्या हाताकडे बघत होत्या. मनगटावर काच रुतून रक्ताचा ठिपका आला होता, पण त्या बोटांकडे बघत होत्या. मग एकदम उठल्या आणि चालायला लागल्या. मी मागोमाग गेले. शिव्या खायची माझी तयारी होती.

त्या हात धुवायच्या खोलीत होत्या. कोपरापर्यंत साबण लावला होता, आणि नळ मध्येच बंद पडत होता.

"ह्यो नळ कावून थांबतोय सारखा?"

"त्याच्या खाली हात धरून ठेवावा लागतो," मी म्हणाले, आणि माझा हात नळाखाली धरला. पाणी सुरू राहिलं. त्या घासत राहिल्या. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट. आरशात आम्ही दोघी जणी, जरीच्या साड्या नेसून भांडी घासायला आल्यासारख्या.

"माझ्या हातून पोर मेली असती," त्या म्हणाल्या.

"तुमाला माहीत नव्हतं अक्का."

"तेच म्हणते मी. मला माहीत न्हवतं. तुमाला माहीत हुतं."

मी हात नळाखाली धरून उभी राहिले.

त्यांनी बोटं नाकाशी नेली. "जात न्हाई. वास जात न्हाई ह्यो. कवाच जात न्हाई, नखात बसलेला असतोय. सकाळीबी हात धुतलते, तरी गाडीत येत हुता..." त्या थांबल्या. आरशातून माझ्याकडे बघितलं. "मी दारात तिच्या गालाला हात लावला."

आम्ही दोघी पळालो. काचेच्या त्या गुळगुळीत जागेतून, निऱ्या हातात धरून, चपला फटफटवत. जेवणारी माणसं बघत राहिली.

शिवांजली जागेवरच बसली होती, डावा हात केसांतच. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळी मी तिची घट्ट वेणी घातली होती. आता निम्मे केस सुटून गालावर आले होते. ते सुटले नव्हते, तिनं सोडले होते. मी केस बाजूला केले.

गालावर लाल, उंच चट्टे. लांबट, एकाशेजारी एक. चार बोटं उमटल्यासारखे.

"कवापासून?"

"बसल्यापासून," ती म्हणाली. "नुसतं खाजतंय, आई. मघाशी पाण्याबरोबर गोळी घेतली. कुणाचं लक्ष नव्हतं."

"श्वास?"

"ठीक आहे."

"बोल बघू. सारखं बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीबी बोल!"

मी डबी उघडून सुई हातात धरली. प्रविण थंड पाण्याचा पांढरा टॉवेल घेऊन आला. तिनं गाल पुसला. ती दुकानातल्या औषधांची नावं म्हणायला लागली, कप्प्यातल्या क्रमानं, आणि आम्ही सगळे तिच्या घशाकडे बघत बसलो. मल्लिकार्जुनअप्पाही. 'गरिबाचा बदाम' म्हणणाऱ्या त्या माणसाचं तोंड उघडं राहिलं होतं, जणू तिच्या वाटचा श्वास तेच घेत होते. संगमेश खाली जाऊन गाडी दाराशी लावून, इंजिन चालू ठेवून परत आला होता. एकदा तिचा आवाज घोगरा झाला आणि मी सुईचं टोपण काढलं. तिनं खाकरून घसा साफ केला. "काही नाही, नुसतं बोलून बोलून," म्हणाली.

"अक्का, बसा तुमी," मी मागे वळून म्हणाले.

दानम्माबाई लांब काचेपाशी उभ्या होत्या. ओले हात अंगापासून दूर धरलेले, ताजी मेंदी लावल्यासारखे. "न्हाई," म्हणाल्या. "माझ्या पदरालाबी असंल."

चट्टे हळूहळू बसत गेले. पहिलं बोट पुसलं, मग दुसरं. बशांमधलं जेवण गार होऊन त्यावर तेलाची साय धरली. गोड कुणी मागवलं नाही. तारखेचं नाव कुणी काढलं नाही.

निघताना शिवांजली पाया पडायला पुढे झाली, तशा दानम्माबाई दचकून मागे सरल्या. "थांब! तिथंच थांब." आणि लांबूनच हात जोडून, "शरणार्थ," असा आमच्यातला नमस्कार केला.

"कळवतो आमी," मल्लिकार्जुनअप्पा म्हणाले. कळवतो या शब्दाचा अर्थ प्रत्येक मुलीच्या आईला पाठ असतो. तेलाचा डबा त्यांच्याच गाडीत राहिला.

परतीच्या वाटेवर हे गाडी चालवत होते. मग म्हणाले, "गेलं. हेबी गेलं."

"जाऊ द्या बाबा," मागून शिवांजली म्हणाली.

"मी तुझ्याचसाठी..."

"माहीत आहे."

उसाचा ट्रॅक्टर पुढे होता, त्यामुळे गाडी रांगत होती. मी वळून वळून तिच्या गालाकडे बघत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. नाव बघून मी तो यांना दाखवला. हे म्हणाले, उचल. मी उचलला.

"गाल उतरला का?" दानम्माबाईंचा आवाज. मागे त्यांच्या गाडीचा घरघराट.

"उतरला. थोडा लाल हाय."

"श्वास?"

"बरा हाय."

"हं." मग त्यांचा आवाज चढला. "माझा तुमच्यावर राग हाय. लई हाय. त्यो जाईस्तवर मी तुमाला विहीणबाई म्हणायची न्हाई, सांगून ठेवते."

"बरं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"तुमी भाजीत कुटाऐवजी काय घालता?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. "कारळं," मी म्हणाले. "न्हाईतर तीळ."

"कारळं भाजून?"

"भाजून. मंद आचेवर. जळलं की कडू हुतंय."

"आन घाण्याचं काय करावं ते मला कळंना. आमचं पोट हाय त्याच्यावर, बंद करता येणार न्हाई. वास नखातनं जातोय का, साडी निराळी ठेवून भागंल का, का मी तिच्या वाऱ्यालाबी उभं राहायचं न्हाई, मला कायबी ठावं न्हाई. भ्या वाटतंय मला. खरंच भ्या वाटतंय."

"मलाबी वाटतंय अक्का. मी सांगते तुमाला..."

"तुमी नगा सांगू. तुमच्या सांगण्यावर आता माझा इश्वास न्हाई. फोन पोरीकडं द्या."

मी फोन मागे दिला. शिवांजलीनं तो उजव्या कानाला लावला, चट्टे नसलेल्या बाजूला. ऐकत राहिली.

"साबणानं जातं," मग ती म्हणाली, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तशी, सावकाश. "पण नखं बारीक कापावी लागतील. आणि घाण्यावरची साडी घरात आणायची नाही... हो... नाही, नुसत्या वासानं बहुतेक होत नाही, पण मला खात्री नाही, ते डॉक्टरांना विचारावं लागेल... हो, मी खरं तेच सांगतेय."

पलीकडून दानम्माबाईंचं काहीतरी लांबलचक सुरू झालं. मला ऐकू येईना. ट्रॅक्टर वळला, रस्ता मोकळा झाला, तरी यांनी गाडीचा वेग वाढवला नाही.